आपत्तीतील बालकाची नोंद : एक अभ्यास

या स्मरणिकेत वसतिगृहातील सध्याच्या विद्यार्थ्यांची छायाचित्रे आहेत. परंतु त्यांखाली नावे नाहीत, गावे नाहीत, आणि कोणत्या घरावर कोणता प्रसंग ओढवला म्हणून ते मूल आपल्याकडे आले, याचा उल्लेख कोठेही नाही. पूर्वीच्या स्मरणिकांत असे उल्लेख असत. मुलांची हकीकत समाजाला कळावी आणि मदतीचा हात पुढे यावा, हा त्यामागील हेतू होता व तो वाईट नव्हता. यंदा हे उल्लेख का वगळले, असे काही माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी आम्हांला विचारले. त्याचे उत्तर दोन वाक्यांत देऊन मोकळे होण्याऐवजी हा विषय मुळापासून मांडावा असे वाटल्याने हा लेख लिहिला आहे.

भूकंप, महापूर, दरड, युद्ध किंवा साथ यांत घरापासून तुटलेल्या बालकाविषयी आपण काय लिहून ठेवावे, ते कोणाला सांगावे आणि कोणापासून राखावे, हा आपला विषय. मदतकार्यात अन्न, पाणी, औषध आणि निवारा यांचा विचार प्रथम होतो व तो योग्यच आहे. परंतु वहीतील चार ओळींची नोंद मुलाला त्याच्या आईपर्यंत पोहोचवू शकते आणि तशाच चार ओळी त्याला परक्याच्या हाती देऊ शकतात, हे जगाने वारंवार अनुभवले आहे.

‘अनाथ’ हा शब्द घाईने लिहू नये

आपत्तीनंतर एकटे आढळलेले प्रत्येक मूल अनाथ असते, असा आपला समज असतो. बालसंरक्षणाचे काम करणारे मात्र येथे तीन अवस्था काटेकोरपणे वेगळ्या मानतात. आईवडिलांपासून ताटातूट झाली, पण आजी, काका, मावशी असे कोणी नातलग सोबत आहेत, ते मूल ‘विलग झालेले’. ज्याच्यासोबत नात्याने वा रूढीने जबाबदार असलेले कोणीही मोठे माणूस नाही, ते ‘निराधार अवस्थेत एकटे आढळलेले’. आणि ज्याचे आईवडील दोघेही मरण पावल्याची खात्री झाली आहे, तेच ‘अनाथ’. पहिल्या दोन अवस्थांतील मुलांचे आईवडील कोठेतरी जिवंत असण्याची शक्यता मोठी असते. ते दुसऱ्या छावणीत, रुग्णालयात किंवा नदीच्या पलीकडच्या गावात त्याचाच शोध घेत असतात. अशा मुलाच्या नावापुढे पहिल्याच दिवशी ‘अनाथ’ असे लिहिले, की तो शोध थांबतो. कागदावर आई मेली, मग तिला कोण शोधणार?

हैतीमध्ये १२ जानेवारी २०१० रोजी भीषण भूकंप झाला. त्याच महिन्याच्या अखेरीस दहा अमेरिकन नागरिक ३३ मुलांना घेऊन शेजारच्या डोमिनिकन प्रजासत्ताकाच्या सीमेवर पोहोचले, तेव्हा त्यांना अडवण्यात आले. मुले अनाथ आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. चौकशीअंती असे दिसले, की अनेक मुलांचे आईवडील जिवंत होते आणि मुलांना शिक्षण व चांगले जीवन मिळेल या आशेने त्यांनीच ती सोपवली होती. त्या माणसांच्या मनात काय होते, याची चर्चा पुढे पुष्कळ झाली. आम्हांला त्यातून एवढेच घ्यावयाचे आहे, की मुलांची रीतसर नोंद झाली नव्हती आणि ‘अनाथ’ हा एक शब्द त्यांना देशाबाहेर नेण्यास पुरेसा ठरू पाहत होता.

आपल्याकडील आकडेही हेच सांगतात. कोरोनाच्या साथीत पालक गमावलेल्या मुलांची संख्या राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने सर्वोच्च न्यायालयापुढे मांडली. ५ जून २०२१ पर्यंतच्या नोंदींनुसार ती ३०,०७१ होती आणि त्यांत महाराष्ट्रातील मुले ७,०८४, म्हणजे देशात सर्वाधिक होती. परंतु या तीस हजारांत दोन्ही पालक गमावलेली मुले ३,६२१ होती. २६,१७६ मुलांनी एक पालक गमावला होता आणि २७४ मुलांना सोडून देण्यात आले होते. म्हणजे बहुसंख्य मुलांची आई वा वडील हयात होते. त्यांना दत्तक जाण्याची गरज नव्हती. त्यांच्या घराला शिधा, शाळेची फी आणि आईच्या हाताला काम हवे होते. तिन्ही रकाने एकत्र करून ‘तीस हजार अनाथ’ म्हटले, की उपायही चुकतो.

रवांडा : जीव घेणारी नोंद आणि घर दाखवणारी नोंद

या विषयाचा अभ्यास करणाऱ्यास आफ्रिकेतील रवांडा या लहानशा देशाचा इतिहास टाळता येत नाही. तेथे बेल्जियमच्या राजवटीत, १९३० च्या दशकात, प्रत्येकाच्या ओळखपत्रावर हुतू, तुत्सी किंवा त्वा असा वंशाचा उल्लेख सुरू झाला. स्वातंत्र्यानंतरही तो रकाना राहिला. एप्रिल १९९४ मध्ये तुत्सींचा नरसंहार सुरू झाला, तेव्हा रस्तोरस्ती नाकी उभारून ओळखपत्रे तपासण्यात आली आणि त्या एका शब्दावरून माणसे मारली गेली. कारकुनी सोयीसाठी भरलेला रकाना साठ वर्षांनी मृत्यूचा परवाना ठरला. कागदावरील एका शब्दावरून माणसाची वाट कशी अडते, हे आपल्या समाजाला वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. आपल्या वाडवडिलांनी ते भोगले आहे.

त्याच वर्षी जुलैमध्ये लक्षावधी लोक सीमा ओलांडून तेव्हाच्या झाईर देशातील गोमा परिसरात आले. पाठोपाठ पटकीची साथ पसरली. या प्रचंड गर्दीत सुमारे एक लाख मुलांची घरच्या माणसांपासून ताटातूट झाल्याचे मानले जाते. काही मुले इतकी लहान होती, की त्यांना स्वतःचे नावही सांगता येत नव्हते. आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समिती, युनिसेफ, सेव्ह द चिल्ड्रन आदी संस्थांनी तेथे नोंदणी आणि शोध यांचे अवाढव्य काम उभे केले. मूल कोठे सापडले, कोणत्या दिवशी, कोणी आणले, अंगावर कोणते कपडे होते, सोबत कोण होते, कोणत्या भाषेत बोलते, घरी त्याला काय म्हणून हाक मारतात, अशा बारीकसारीक गोष्टी लिहिल्या गेल्या. बोलता न येणाऱ्या मुलांची छायाचित्रे काढून ती छावण्यांत आणि गावोगावी दाखवण्यात आली. या नोंदींच्या आधारे पुढील काही वर्षांत हजारो मुले आपल्या माणसांत परतली.

एकाच देशात, एकाच वर्षी नोंदीची ही दोन्ही रूपे दिसतात. दोन्हींत शाई आणि कागद तोच होता. फरक होता तो नोंद कशासाठी केली, तीत काय लिहिले आणि ती कोणाच्या हाती राहिली, यांत.

गोमाने आणखी एक धडा दिला, तो निवासी संस्था चालवणाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावा. एकट्या मुलांसाठी उघडलेल्या केंद्रांत अन्न आणि औषध मिळते, हे दिसताच हतबल झालेल्या काही पालकांनी आपली मुले तेथे आणून सोडली. ताटातूट संकटाने होते, तशी ती मदतीच्या रचनेनेही होऊ शकते. म्हणून मुलाला दारात घेताना ‘याला का आणले?’ या प्रश्नाचे खरे उत्तर लिहिणे महत्त्वाचे असते. उत्तर भूक असेल, तर धान्य घरी पोहोचवणे हा उपाय आधी करावयाचा असतो.

क्रमांक ८१

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावरील कल्मुनाई येथील रुग्णालयात काही महिन्यांचे एक बाळ दाखल झाले. दाखल झालेल्यांत त्याचा क्रमांक ८१ होता, म्हणून वृत्तपत्रांनी त्याचे नाव ‘बेबी ८१’ ठेवले. नऊ कुटुंबे या बाळावर हक्क सांगत आहेत, अशी बातमी जगभर पसरली. प्रत्यक्षात रीतसर दावा एकाच दांपत्याने केला होता, असे नंतर उघड झाले. तोवर प्रकरण न्यायालयात गेले होते. शेवटी डीएनए तपासणीने निर्णय लागला आणि फेब्रुवारी २००५ मध्ये बाळ त्याच आईवडिलांच्या स्वाधीन झाले. त्या मुलाच्या नावावर मात्र ही ओळख कायमची चिकटली. त्याने जे मागितले नव्हते आणि जे त्याला आठवतही नव्हते, ते सगळ्या जगाला ठाऊक होते.

हे बाळ सुखरूप घरी गेले. परंतु एका न तपासलेल्या आकड्यामुळे त्याच्या आईवडिलांना आपलेच मूल मिळवण्यासाठी आठवडेच्या आठवडे वाट पाहावी लागली, हे विसरता येत नाही. छायाचित्र प्रसिद्ध करताना आपण ज्या आईला मदत करू पाहतो, तिचीच वाट अधिक कठीण करून ठेवतो, असेही घडते.

आमच्या हातून झालेली चूक

परदेशातील उदाहरणे सांगून आम्ही स्वतःला वगळू इच्छित नाही. मे २०२१ मध्ये, साथ ऐन भरात असताना, आमच्या भ्रमणध्वनीवर एक संदेश आला. दोन लहान मुलींचे आईवडील वारले आहेत, त्यांना चांगले घर हवे आहे, इच्छुकांनी पुढील क्रमांकावर संपर्क साधावा, असा मजकूर होता. आम्ही हळहळलो आणि तो संदेश माजी विद्यार्थ्यांच्या व पालकांच्या गटांत पुढे पाठवला. त्याच रात्री बालसंरक्षणाच्या क्षेत्रात काम करणाऱ्या एका माजी विद्यार्थिनीचा दूरध्वनी आला. ती म्हणाली, “सर, या मुली खऱ्या असतील, तर आपण त्यांचा ठावठिकाणा कोणाच्या हाती दिला हे आपल्याला ठाऊक नाही. त्या खोट्या असतील, तर मूल हवे असलेल्या घरांना आपण फसवणाऱ्याच्या दारात नेऊन उभे केले. दोन्हींपैकी काहीही असले, तरी १०९८ ला मात्र कोणी फोन केला नाही.”

आम्हांला उत्तर देता आले नाही. दुसऱ्या दिवशी त्या क्रमांकावर फोन केला तेव्हा तो बंद होता. आम्ही सर्व गटांत क्षमा मागून तो संदेश काढण्याची विनंती केली. परंतु हातातून सुटलेली माहिती परत बोलावता येत नाही. त्या मुली होत्या की नाही आणि असल्यास त्यांचे पुढे काय झाले, हे आम्हांला कधीच कळले नाही. या लेखामागे त्या प्रसंगाची टोचणी आहे, हे आम्ही प्रांजळपणे नमूद करतो.

कायदा काय सांगतो

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ यात या विषयाचे स्पष्ट मार्गदर्शन आहे. पालकांपासून दुरावलेले वा हरवलेले मूल आढळल्यास चोवीस तासांच्या आत चाइल्डलाइन, नजीकचे पोलीस ठाणे, बाल कल्याण समिती किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्ष यांपैकी एकास कळवणे, अथवा मुलाला नोंदणीकृत बालसंगोपन संस्थेकडे सोपवणे, कलम ३२ नुसार बंधनकारक आहे. १०९८ ही सेवा १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाली आणि आज देशभर विनामूल्य उपलब्ध आहे. मूल दत्तक देण्यास मोकळे आहे किंवा नाही, हे ठरवण्याचा अधिकार बाल कल्याण समितीचा आहे. रीतसर प्रक्रियेवाचून मूल देणे वा घेणे हा गुन्हा आहे, मग त्यामागे कितीही चांगली भावना असो.

याच अधिनियमाचे कलम ७४ काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचे नाव, पत्ता, शाळा, छायाचित्र किंवा त्याची ओळख पटेल असा कोणताही तपशील प्रसिद्ध करण्यास मनाई करते. त्याचा भंग केल्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. वृत्तपत्रांपुरता हा नियम आहे असा गैरसमज आढळतो. परंतु संवादाचे कोणतेही माध्यम त्यातून सुटत नाही. स्मरणिकाही सुटत नाही.

नोंदीचे आठ नियम

मदतकार्यातील बालसंरक्षणाची किमान मानके २०१२ मध्ये तयार झाली आणि २०१९ मध्ये त्यांची सुधारित आवृत्ती आली. त्यांतील पाचवे मानक केवळ माहितीच्या व्यवस्थापनाविषयी आहे. त्याचा आशय, आमच्या अनुभवाची जोड देऊन, आठ नियमांत मांडतो.

१. हेतू आधी, प्रश्न नंतर. ज्या माहितीचा उपयोग काय, हे सांगता येत नाही, ती विचारू नये. मुलाला घरी पोहोचवण्यास ज्या रकान्याची आवश्यकता नाही, तो कोराही नसावा, मुळातच नसावा.

२. संमती घ्यावी. मुलाला त्याच्या बोलीत, त्याच्या वयाला समजेल असे सांगावे, की हे का लिहितो आणि कोण वाचणार. सोबत पालक असल्यास त्यांचीही संमती घ्यावी. ‘नाही’ म्हटल्यामुळे मुलाचे जेवण, औषध वा अंथरूण अडता कामा नये.

३. नाव वेगळे ठेवावे, हकीकत वेगळी. हकीकतीच्या कागदावर फक्त सांकेतिक क्रमांक असावा. कोणता क्रमांक कोणाचा, ही यादी दुसऱ्या कपाटात, दुसऱ्या कुलपात असावी. एक कागद हरवला, तरी मूल उघडे पडत नाही.

४. ज्याला आवश्यक, त्यालाच आणि आवश्यक तेवढेच. या मुलाला शेंगदाणे चालत नाहीत, हे स्वयंपाकघरातील मावशींना ठाऊक असावे. त्याची आई कशी गेली, हे त्यांना, वर्गशिक्षकांना किंवा देणगीदारांना ठाऊक असण्याचे कारण नाही.

५. एकदाच विचारावे. पोलीस, वार्ताहर, स्वयंसेवक आणि पुढारी असे प्रत्येक जण त्याच मुलाला तीच रात्र पुन्हा सांगायला लावतात. दर वेळी ते मूल त्या रात्रीतून पुन्हा जाते. नोंद नीट झाली, तर दुसऱ्याने विचारण्याची गरज उरत नाही.

६. आकडा सर्वांसाठी, हकीकत कोणासाठीच नाही. किती मुले, कोणत्या वयाची, मुली किती, अपंग किती, ही माहिती नियोजनासाठी खुली असावी. मात्र एखाद्या वाडीत एकच मूल असेल, तर आकडाही त्याचे नाव सांगतो, हे ध्यानात घ्यावे.

७. नोंद जपावी आणि मुदत संपल्यावर नष्टही करावी. पाण्यापासून, आगीपासून आणि कुतूहलापासून तिचे रक्षण करावे. स्थलांतराची वेळ आली, तर कोणते कागद सोबत न्यावयाचे आणि कोणते मागे राहू द्यावयाचे नाहीत, हे आधीच ठरलेले असावे.

८. विचारले, तर करावे. मुलाने मार खाल्ल्याचे वा भीतीचे काही सांगितले आणि आपण ते लिहून वही मिटली, तर आपण त्याचा विश्वास मोडला. ज्या प्रश्नाच्या उत्तरावर कृती करण्याची तयारी नाही, तो प्रश्न विचारू नये.

हे सर्व काम मोठ्या प्रमाणावर करण्यासाठी युनिसेफ आणि सहयोगी संस्थांनी संगणकीय प्रणालीही विकसित केली आहे. तीत प्रत्येक कार्यकर्त्याला त्याच्या कामापुरतीच माहिती दिसते. परंतु यंत्र कितीही उत्तम असले, तरी ओसरीवर बसून मुलाची हकीकत चौघांना सांगणाऱ्या माणसाला ते थांबवू शकत नाही.

निवासी शाळेची जबाबदारी

महाराष्ट्राला आपत्ती नवीन नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे गेली. त्यानंतर त्या भागातील सुमारे बाराशे मुले शिक्षणासाठी पुण्याजवळ वाघोली येथे आणली गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इरशाळवाडीवर दरड कोसळली. वाडीतील काही मुले त्या रात्री आश्रमशाळेच्या वसतिगृहात होती, म्हणून वाचली. घर गेले, घरातील माणसे गेली, कपाटातील शिधापत्रिका आणि जन्माचा दाखलाही मातीखाली गेला. अशा वेळी ते मूल कोण, कोणाचे आणि त्याचे आणखी कोण आहे, याचा जवळचा लेखी पुरावा शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये असतो.

म्हणून आम्ही यंदा पुढील गोष्टी ठरवल्या आहेत. प्रत्येक विद्यार्थ्याच्या नोंदीत आईवडिलांखेरीज आणखी दोन नातलगांची नावे, गावे व क्रमांक असतील, आणि त्यांपैकी निदान एक नातलग दुसऱ्या गावचा असेल. कारण एकाच गावावर संकट आले, तर एकाच गावातील सर्व पत्ते निरुपयोगी ठरतात. ही नोंद दर वर्षी जूनमध्ये तपासली जाईल. तिची एक प्रत शाळेबाहेर सुरक्षित ठिकाणी असेल. भावंडे शिकत असल्यास त्यांच्या नोंदी एकमेकींशी जोडलेल्या असतील. मुलाला नेण्यास येणाऱ्या माणसाची ओळख पटल्याशिवाय आणि मुलाने त्याला ओळखल्याशिवाय मूल सोपवले जाणार नाही. मग तो माणूस कितीही रागावला तरी चालेल.

पालकांनाही विनंती आहे. मुलाला त्याचे पूर्ण नाव, आईचे आणि वडिलांचे पूर्ण नाव, गाव, तालुका आणि एक दूरध्वनी क्रमांक पाठ करून घ्यावा. लहान मूल आईचे नाव विचारल्यावर ‘आई’ असेच सांगते आणि गावाचे नाव विचारल्यावर ‘आपले घर’ म्हणते. शोध घेणाऱ्याला त्याचा उपयोग होत नाही. पूर वा दरडीची भीती असलेल्या भागात, ताटातूट झाल्यास सर्वांनी कोठे जमावयाचे, हेही घरात ठरवून ठेवावे. क्रमांक बदलल्यास शाळेला त्याच आठवड्यात कळवावे.

माजी विद्यार्थ्यांपैकी अनेक जण पूरग्रस्त भागात मदतीला धावून जातात, याचा आम्हांला अभिमान आहे. त्यांनी तेथील मुलांसोबत छायाचित्रे काढून ती प्रसारित करू नयेत आणि एकटे मूल आढळल्यास १०९८ ला कळवावे, एवढेच सांगावेसे वाटते. ते मूल ज्या ठिकाणी सापडले, तेथून विनाकारण दूर नेऊ नये. त्याची आई त्याला प्रथम तेथेच शोधणार आहे.

आता प्रारंभीच्या प्रश्नाकडे वळू. छायाचित्रांखाली नावे नाहीत, त्याचे कारण हे. ही मुले उद्या मोठी होतील, नोकरीस लागतील, संसार थाटतील. आपल्या आयुष्यातील सर्वांत वाईट दिवस कोणाला सांगावयाचा आणि कोणाला नाही, हे ठरवण्याचा अधिकार त्यांचा आहे. त्यांनी तो स्वतः वापरावा, एवढे मोठे होईपर्यंत तो आपल्याकडे ठेव म्हणून आहे. देणगीसाठी, सहानुभूतीसाठी किंवा स्मरणिकेच्या पानांसाठी ती ठेव मोडण्याचा हक्क आम्हांला नाही. त्या मुलांची नावे आमच्या रजिस्टरमध्ये सुवाच्य अक्षरांत लिहिलेली आहेत आणि कुलपात सुरक्षित आहेत. ज्या दिवशी त्यांपैकी एखाद्याला घरी जाण्यासाठी त्या ओळीची गरज पडेल, त्या दिवशी ती सापडेल.